चुलीमागे एक नाव

अक्षराची आणि शुद्धलेखनाची आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले, आणि चौथीचंही अर्धं वर्ष लहान भावाला कडेवर घेऊन गेलं. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला अजून कळत नाही. लिहिताना जिथे थांबावंसं वाटतं तिथे मी दीर्घ करून टाकते. माझी ओळ डावीकडे सरळ सुरू होते आणि उजवीकडे पोचेपर्यंत उतारावर लागते.

आमच्या संस्थेच्या मॅडम दिवाळीला एक छोटा अंक काढतात. या वर्षी म्हणाल्या, "वच्छलाताई, तुमच्या कामाबद्दल चार पानं लिहा." मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्यांनाही कळलं नसेल. छापून यावं असं मला वाटत नाही. पण नातीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, म्हणून बसले.

माझं काम काय ते आधी सांगते, कारण आमच्या अनसिंगमध्येही पुष्कळांना वाटतं की मी संस्थेत सैपाक करते. पुरानं, आगीनं किंवा आणखी कशानं ज्यांचं घर गेलं, आणि जे आपल्याच जिल्ह्यात कुठेतरी शाळेत, मंदिरात, पत्र्याखाली येऊन राहिले, त्यांना कोणती मदत मिळू शकते, ती कशी मागायची, आणि मिळेपर्यंत जीव आणि अब्रू कशी सांभाळायची हे सांगायचं. मॅडमच्या कागदावर अशा लोकांना विस्थापित म्हणतात. मी पहिल्यांदा तो शब्द वापरला तेव्हा एक म्हातारी मला म्हणाली, "आमी विस्थापित नाई वो बाई, आमी शाळेत राह्यतो."

मी या कामात आले ती भाजी घेऊन. आमचा दोन एकराचा मळा आहे. वांगी, मेथी, अंबाडी, सांभार म्हणजे कोथिंबीर. ज्या श्रावणात नदी खालच्या वस्तीत शिरली आणि अठरा घरची माणसं शाळेत आली, तेव्हा संस्थेनं तिथे सैपाकाची सोय केली होती आणि भाजी आमच्या मळ्यातून जात होती. मॅडम तेव्हा नवीन होत्या, पुण्याकडच्या. कागद घेऊन बायकांना विचारत होत्या, "तुम्हाला इथे सुरक्षित वाटतं का?" सगळ्या म्हणाल्या, हो. "काही अडचण आहे का?" सगळ्या म्हणाल्या, नाही. मॅडमनी लिहून घेतलं.

मी पायरीवर अंबाडी निवडत बसले होते. शेजारी एक बाई आली, तिनंही एक जुडी ओढली आणि निवडता निवडता म्हणाली, "तीन दिवस झाले वो, आंग नाई धुतलं. आडोसाच नाई. पोरी तं पानीबी पेत नाई, मंग उठा लागते म्हणून."

मला मोठ्या माणसांशी बोलता येत नाही. तरी गेले आणि मॅडमच्या चपलांकडे बघत सांगितलं. संध्याकाळपर्यंत शाळेच्या मागे ताडपत्रीचा आडोसा झाला आणि संडासाच्या वाटेवर एक बल्ब लागला. दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, रोज या, पगार देऊ. घरी मालकांनी विचारलं, "तुले तं बोलता येत नाई. तू कोणाले काय सल्ला देशीन?" मी मॅडमना हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "बोलणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत."

तेव्हापासून माझी कामाची रीत तीच. मी कागद घेऊन बसत नाही. भाजी घेऊन बसते. हात कामात असले की माणसाला समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, आणि मग तो खरं बोलतो. कागद नंतर निघतो. पाळीच्या कपड्याचे धुतलेले तुकडे वाळवायला जागा नाही, ही गोष्ट मला मेथीच्या एका जुडीत कळली. मॅडमच्या यादीत तो प्रश्नच नव्हता.

फॉर्मवर माणसाचं सगळं मावत नाही. घर, जनावर, धान्य, भांडी, कपडे एवढेच रकाने असतात. एक बाई रोज सांगायची, माझं काही गेलं नाही. चौथ्या दिवशी हळूच म्हणाली, "पाटा राह्यला, वरवंटा गेला." पाटा जड म्हणून जागेवर राहिला होता. आता वरवंट्याविना पाट्याचं काय करायचं? वरवंट्याला रकाना नव्हता. मी वाशीमच्या बाजारातून एक आणून दिला. तिनं तो हातात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "पहिला हाताले बसेल होता. हा बसाले दहा वर्षं लागतीन." पण घेतला.

या कामात सगळ्यात जास्त घोटाळा करणारा शब्द म्हणजे कुटुंब. सरकारची मदत माणशी नसते, कुटुंबाला असते. आणि आमच्याकडे जुनी माणसं कुटुंब म्हणतात ती बायकोला. वस्तीत गंगारामबाबा म्हणून एक म्हातारे होते, हनुमानाच्या मंदिराचा हिशोब बघणारे. मोजणीसाठी एका शिक्षकांना पाठवलं होतं. त्यांनी बाबांना विचारलं, "तुमची कुटुंबं किती?"

"एकच हाय."

"आणि कुटुंबात माणसं किती?"

बाबा चिडले. "कुटुंबात मानसं? कुटुंब म्हंजे काय गाडी हाय काय? थे पाहा, भांडे घासून राह्यली. तिलेच इचारा."

आजी तिकडूनच म्हणाल्या, "एकच हाय मी, मास्तर. दुसरी कराची यायची ऐपत नव्हती. घर बुडत होतं तं या मानसानं वही उचलली. मंदिराची वही! मी कोंबड्या उचलल्या."

सगळी शाळा हसली. मीही हसले. त्याच दिवशी माझ्या हातून जी चूक झाली होती, ती मला त्या वेळी माहीत नव्हती.

झालं असं. सरपण ओलं होतं आणि थोडं होतं. संस्थेचा सैपाक चार दिवसांनी बंद झाला होता आणि शिधा घरोघरी वाटला होता. शाळेच्या अंगणात प्रत्येक बाईनं तीन विटा मांडून आपली चूल पेटवली. अठरा चुलींचा धूर वर्गात शिरत होता, लेकरं खोकत होती. मी बायकांना म्हटलं, "एका घरच्या जावा-जावा हाव ना तुमी? मंग एकाच चुलीवर रांधा. सरपन वाचते, धूरबी कमी होते." बायकांनी ऐकलं. जन्मात पहिल्यांदा एवढ्या जणींनी माझं एका वेळी ऐकलं होतं. मला बरं वाटलं, ते लपवत नाही.

आणि दुपारी मोजणीचे मास्तर आले. त्यांच्याकडे नियम होता: एका चुलीवर जे जेवतात ते एक कुटुंब. सकाळी अठरा चुली होत्या. त्यांनी मोजल्या तेव्हा अकरा भरल्या. मास्तरांची काही चूक नव्हती. जे दिसलं ते त्यांनी लिहिलं आणि खाली सगळ्यांचे अंगठे-सह्या घेतल्या.

यादी भिंतीवर लागली तेव्हा मॅडमच्या लक्षात आलं. ज्यांची रेशनकार्डं वेगळी होती त्यांचे अर्ज आम्ही दोन दिवसांत भरले, आणि यादी अकरावरून सतरावर गेली. मॅडमनी मला विचारलं, "लोक असे एकत्र का रांधायला लागले असतील हो, ताई?" मी म्हटलं, "सरपन नव्हतं." खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं.

सतरा झाली. अठरावी राहिली ती द्वारका.

द्वारका विधवा होती. नवरा गेल्यावर चार वर्षं ती दिराच्या घराला लागूनच, पण वेगळी रांधत होती. स्वतःची खोली, स्वतःची चूल, स्वतःची मजुरी. एक मुलगी, पुष्पा, तेव्हा नववीत. पण रेशनकार्ड सासऱ्याच्या काळचं, दीर किसन आणि ती एकाच कार्डावर. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "असू द्या ताई. किसनभाऊ काही खाऊन टाकाचे नाई."

आणि ते खरं होतं. कपड्या-भांड्यांची मदत किसनच्या खात्यावर जमा झाली, तशी त्यानं न मागता अर्धी काढून तिच्या हातात दिली. अडीच हजार. तिनं थोडी भांडी घेतली आणि एक शेळी. मी मनाची समजूत घातली की मिटलं.

मिटलं नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात ठरलं की खालची वस्ती पुन्हा खाली वसवायची नाही. वरच्या गायरानात प्रत्येक कुटुंबाला एक प्लॉट, त्यावर घर. कुटुंब कोणतं? यादीतलं. किसनला प्लॉट लागला. द्वारकेचं नाव नव्हतं, कारण कागदावर ती किसनच्या कुटुंबातली एक बाई होती.

किसन म्हणाला, "वयनी, राहा ना माह्याच घरात. कोन नाई म्हनते?"

तो मनापासून म्हणत होता. पण तोपर्यंत ते सगळे किसनच्या एका पत्र्याच्या खोलीत राहत होते, आणि किसनच्या बायकोचा भाऊ आठ-आठ दिवस येऊन पडायचा. त्याला पिण्याची सवय होती. त्यानं काही केलं नव्हतं. द्वारका मला वाटाण्याच्या शेंगा सोलताना म्हणाली, "काही केलं नाई थ्यानं. पन थो आला की पुष्पा शाळेतून उशिरा येते. मैत्रिणीकडं बसते. मले घर नाई पायजे ताई, दार पायजे. आतून कडी लावता येईन असं."

मी घरी गेले आणि जेवले नाही. त्या मुलीला दार नव्हतं, ते माझ्या एका सल्ल्यामुळे.

कचेरीत चौकशी केली. तिथले बाबू सरळ बोलले. पुराच्या आधी वेगळी चूल होती याचा पुरावा आणा, साहेबांपुढे सुनावणी लावतो. पुरावा कसला? खोली वाहून गेली. चूल मातीची, ती तर पहिल्याच पाण्यात विरघळली असणार. गॅसचं पुस्तक नव्हतं. विजेचं मीटर किसनच्या नावावर. शेजारी साक्ष देतील म्हणावं, तर दिवाळीनंतर अर्धी वस्ती कामाला बाहेर गेली होती, कोणी वीटभट्टीवर, कोणी पुण्याला बांधकामावर. उरले ते म्हातारे, आणि नुसतं त्यांचं तोंडी सांगणं बाबूंना पुरणार नव्हतं. आणि किसन साक्ष द्यायला तयार होता, पण त्याची बायको मधे पडली. "तुमी लेहून देसान की वेगळी होती, आन उद्या आपलाच प्लॉट काढून घेतीन!" किसननं साक्षीचा विषय सोडला.

विरघळलेल्या चुलीचा पुरावा मी दोन महिने शोधत होते. सापडला तो भंडाऱ्यामुळे. त्या वर्षी भंडारा करायचा की नाही यावर मंदिराच्या ओट्यावर बोलणं चाललं होतं आणि मी खाली बसून ऐकत होते. एक जण म्हणाला, वर्गणी माणशी घ्या, लोक कमी झाले. गंगारामबाबा खवळले, "माणशी कधीच घेतली नाई. आपल्या अठी चुलीमागं घेतेत. माह्या बापापासून चुलीमागं!"

मी उठून उभी राहिले. बाबा एकटे होईपर्यंत तशीच उभी होते. मग विचारलं, "बाबा, तुमच्या वहीत द्वारकाची चूल हाय काय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हाय," म्हणाले. "पन थे वही नाई निंघत बाहेर."

"काहून?"

"थ्यात कोनी देली, कोनी नाई देली, सारं हाय. बाकीदाराचं नाव गावाबाहेर न्याचं नाई, हा आमचा नेम हाय. तिनं स्वता सांगतलं तं आनतो. नाई तं तू माह्या पाया पडशीन तरी नाई."

तेव्हा मला कळलं की द्वारका बाकीदार आहे, आणि तिनं मला वहीचं का सांगितलं नाही तेही कळलं. तिला ठाऊक होतं. सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. फक्त मलाच नव्हतं.

तिच्याकडे गेले. ती शेळीला पाला टाकत होती. मी वहीचं नाव काढताच तिचा हात थांबला.

"नवरा गेला थ्या साली बाबा म्हनले, तुह्याकडून नाई घेत. मीच म्हनलं, काहून? माही चूल वेगळी हाय, लेहा माहं नाव. लई तोऱ्यात म्हनलं, पंचासमोर. आन मंग दोन साल देताच नाई आली. आता थे सायबापुढं वाचाचं? माहं बाकीचं नाव? मी नाई येत ताई. राह्यतो मी किसनभाऊच्याच घरात."

समजावून सांगणं हे माझं काम. त्या दिवशी ते बाजूला ठेवलं. मी बसले आणि तिच्याबरोबर पाला तोडायला लागले. बऱ्याच वेळानं म्हटलं, "द्वारका, थ्या दिवशी एका चुलीवर रांधा असं सांगनारी मीच होतो."

"माईत हाय की," ती म्हणाली. "सगळ्यायले माईत हाय."

"मॅडमले नाई माईत. सायबाले नाई माईत. मी कोनालेच नाई सांगतलं."

ती हसली. "लाज वाटली?"

"हो."

"मंग?"

"मंग काय? तू तुही बाकी सांग. मी माही चूक सांगतो. दोघीबी खाली मुंडी घालून उभ्या राहू."

ती पाला तोडत राहिली. पाला संपल्यावर म्हणाली, "साडी कोनती नेसू?"

मॅडमना मी आदल्या दिवशी सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "नियम मला माहीत होता, ताई. तुम्हाला सांगायला हवा होता. नाही सांगितला." एवढंच. तेव्हापासून कुठेही माणसं येऊन राहिली की आम्ही दोघी पहिल्यांदा चुलींकडे जातो, आणि मोजणी होईपर्यंत कोणी एकत्र रांधू नका म्हणून सांगतो. सरपण संस्था देते.

सुनावणी चैत्रात लागली. पोहरादेवीच्या यात्रेला गाड्या गेल्या होत्या, म्हणून एसटी आलीच नाही. मॅडम जिल्ह्याच्या मीटिंगला अडकल्या. द्वारका, गंगारामबाबा आणि मी ऑटोत गेलो. बाबांनी वही प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी धोतराच्या सोग्यात गुंडाळून पोटाशी धरली होती. वाटेत मी एक वाक्य पाठ करत होते: "साहेब, पूरपरिस्थितीत सरपणाच्या अभावी." मॅडमनी लिहून दिलं होतं. मला ते ऑटोतच तीनदा आलं आणि कचेरीत एकदाही आलं नाही.

साहेब दमलेले होते पण ऐकणारे होते. कागद पाहून म्हणाले, "बाई, पंचनाम्यात तुम्ही दिराच्या चुलीवर आहात. खाली तुमचा अंगठा आहे. पंचनाम्याच्या दिवशी तुमची वेगळी चूल नव्हती, बरोबर?"

द्वारकेनं माझ्याकडे पाहिलं. खोलीत सात-आठ माणसं, सगळे पुरुष. वाक्य गेलं. मी म्हटलं, "साहेब, थे चूल मी इझवली."

"काय? मोठ्यानं बोला."

"चूल मी इझवली."

"कोण तुम्ही?"

मग सगळं सांगावं लागलं. धूर, लेकरं, ओलं सरपण, आणि मी शहाणपणा करून काय सांगितलं ते. तीनदा मोठ्यानं बोला म्हणाले. तिसऱ्यांदा माझा आवाज एवढा मोठा निघाला की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "पण त्याआधी वेगळी चूल होती, हे कशावरून?"

बाबांनी सोगा सोडला, पिशवी सोडली, दोरी सोडली. वहीला पुराचा वास येत होता. द्वारका भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाबांनी बोट ठेवून वाचलं, "किसन, एक चूल, देली. द्वारकाबाई, एक चूल, बाकी." पान उलटलं. "दुसरं साल. किसन, एक चूल, देली. द्वारकाबाई, एक चूल, बाकी."

एक बाबू हसला. साहेब म्हणाले, "म्हणजे यांनी वर्गणी दिलीच नाही?"

"नाई देली, साहेब. पन चूल होती म्हनूनच तं बाकी हाय! जिची चूलच नाई, तिची बाकी कायची?"

साहेबांनी वही हातात घेतली, मागची पानं पाहिली. दरवर्षीचा भंडारा, दरवर्षीच्या चुली, शाई वेगळी, अक्षर एकच. मग शिपायाला म्हणाले, "याची झेरॉक्स काढून आणा. आणि वही बाबांच्या समोरच धरा, नेऊ नका."

ती बाकी अजून वहीत तशीच आहे. द्वारका द्यायला गेली होती. बाबा म्हणाले, "राहू दे. लई कामाची बाकी हाय."

त्यानंतर स्थळपाहणी झाली, दोन म्हाताऱ्यांचे जबाब झाले, आणि पावसाळ्यानंतर नवी यादी लागली. अठरावं नाव द्वारकाबाईचं. प्लॉट अगदी टोकाचा मिळाला, उताराचा, पावसात पाणी पायाशी येणारा. तिनं तक्रार केली नाही. कपड्या-भांड्यांची राहिलेली मदत आता तिच्या स्वतःच्या खात्यावर आली, तर तिनं सगळ्यात आधी दार घेतलं. चौकट, दार, आतून कडी. भिंती अजून व्हायच्या होत्या. महिनाभर ते दार प्लॉटवर एकटंच उभं होतं, दोन्ही बाजूंनी मोकळं. येणारे-जाणारे हसायचे. पुष्पा शाळेतून आली की त्या दारातूनच आत जायची.

मला वाटलं, आता माझं काम संपलं. तर किसनची बायको दारात आली, म्हणजे त्या भिंती नसलेल्या दारात, आणि म्हणाली, "बाई, तुमी आता येगळं कुटुंब झाल्या. सरकारनं तुमाले येगळे पैसे देले. मंग आमच्या पैशातले अडीच हजार तुमी घेतले, थे वापस पायजेत."

किसन मागे उभा होता, जमिनीकडे बघत.

मला राग आला. पण हिशोबानं तिचं चुकत नव्हतं. ती मदत त्यांच्या कुटुंबाची होती, आणि द्वारका त्या कुटुंबात नव्हती हेच तर आम्ही साहेबांपुढे ओरडून सांगून आलो होतो. द्वारका म्हणाली, "बरोबर हाय तुहं. देतो."

आलेले पैसे दारात आणि पत्र्यात गेले होते. मी दुसऱ्या दिवशी अडीच हजार रुमालात बांधून नेले. माझ्याच चुकीचे ते, मी भरायला हवेत असं मला वाटत होतं. तिनं रुमाल उघडूनही पाहिला नाही.

"तुमी भरले तं मंग मी तुमच्या कुटुंबात येतो, ताई. पुन्हा सुनावणी लावा लागीन."

तिनं ते पैसे दीड वर्षात फेडले. सोयाबीनच्या सोंगणीचे काही, कापूस वेचल्याचे काही, शेळीचं एक पिल्लू विकलं त्याचे काही. कधी दोनशे, कधी शंभर. मुलीच्या हाती एकदाही पाठवले नाहीत, स्वतः जाऊन द्यायची. मधे एकदा किसनची बायको आजारी पडली तेव्हा द्वारकेनं आठ दिवस त्यांचा सैपाक केला, पण आपल्या घरी रांधून डब्यात नेला. तिथे चूल पेटवली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "कोनी मोजाले आलं तं?"

शेवटच्या वेळी मी तिथेच होते. वरच्या वस्तीत पाण्याचा टँकर येत नव्हता, त्याचं लिहून घ्यायला गेले होते. द्वारका किसनच्या ओट्यावर आली आणि तीनशे रुपये पुढे केले.

किसन म्हणाला, "राहू द्या ना वयनी आता. तेवढ्यानं काय होते?"

"तेवढे राह्यले तं तेवढी मी तुमच्यातच राह्यतो," द्वारका म्हणाली.

किसननं हात पुढे केला नाही. त्याची बायको आतून पदराला हात पुसत आली. तिनं पैसे घेतले आणि मोजले. मग पुन्हा एकदा मोजले.

"पुरे हायत, बाई," ती म्हणाली. "आता काही नाई राह्यलं."